सीट की स्पेशल? नांदेड-लातुरातील टॅक्सीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ही दोन शहरे राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने जोडलेली असून लोहा, अहमदपूर आणि चाकूर ओलांडत जाणारे त्यांच्यामधील अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला त्या नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला देशविदेशातून शीख यात्रेकरू येतात, तर 'लातूर पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखल्या जाणाऱ्या शिकवणीपद्धतीमुळे लातुरात दर उन्हाळ्यात प्रवेशासाठी आलेल्या विद्यार्थ्यांची व पालकांची गर्दी होते. हे पाहुणे अमृतसर, मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील टॅक्सीची कल्पना सोबत घेऊन येतात आणि ती येथे लागू पडत नाही म्हणून गोंधळतात. गोंधळाचे मूळ बहुधा चालकाच्या लबाडीत शोधले जाते. प्रत्यक्षात ते एका न विचारलेल्या प्रश्नात असते. येथे वाहन दोन रीतींनी मिळते: एकेका आसनाच्या हिशेबाने, ज्याला स्थानिक बोलीत 'सीट' म्हणतात, किंवा संपूर्ण गाडी एकाच गिऱ्हाइकाने ठरवून, ज्याला 'स्पेशल' म्हणतात. चालकाने 'तीस रुपये' म्हटले असेल, तर ते सीटचे की स्पेशलचे हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

'काळी-पिवळी' म्हणजे काय

पहिला गैरसमज शब्दाचाच आहे. मुंबईकराच्या मनात 'काळी-पिवळी' म्हटले की मीटर लावलेली चार-पाच माणसांची मोटार उभी राहते, आणि त्या मोटारींपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेली प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निरोप घेऊन गेली तेव्हा त्या शब्दाभोवतीच्या आठवणी वृत्तपत्रांतून ओसंडून वाहिल्या. नांदेड-लातूरकडे मात्र 'काळीपिवळी' हा शब्द तालुक्याच्या गावांना जाणाऱ्या जीपगाडीसाठी वापरला जातो. ट्रॅक्स, क्रूझर किंवा तत्सम बनावटीची ही गाडी शहराच्या नाक्यावर उभी असते, तिच्या टपावर लोखंडी कॅरिअर असते, मधल्या बाकावर चौघे आणि मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बाकीचे बसतात, चालकाच्या शेजारची जागा बहुधा ओळखीच्या किंवा वयस्क माणसासाठी राखलेली असते, आणि खाली उभा असलेला पोऱ्या पुढच्या गावांची नावे एका दमात पुकारत 'एकच सवारी पाहिजे' असे सांगत राहतो. 'सवारी' म्हणजे प्रवासी; ती 'एकच' बाकी आहे हे वाक्य गाडी अर्धी रिकामी असतानाही उच्चारले जाते, हे नवख्याने गृहीत धरलेले बरे. वेळापत्रक नसते; सवाऱ्या भरल्या की गाडी निघते. म्हणून 'जीप एसटीपेक्षा लवकर पोहोचवते' हा समज अर्धाच खरा आहे, कारण धावण्याच्या वेळेत वाचलेली दहा मिनिटे भरण्याच्या वेळेत अनेकदा खर्ची पडतात.

स्वस्ताईविषयीचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. राज्य परिवहन महामंडळाने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत दिली. तेव्हापासून पती, पत्नी आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई असे तिघांचे कुटुंब अहमदपूरला किंवा औशाला जाणार असेल, तर एसटीचा खर्च दीड तिकिटात आटोपतो, मात्र जीपमध्ये तीन पूर्ण सीटचे पैसे मोजावे लागतात. पूर्वी जीपचे भाडे एसटीच्या आसपास ठेवून चालणारा हा व्यवसाय त्यामुळे मोठ्या रस्त्यांवरून हटून, जेथे बस दिवसातून दोनदाच जाते अशा आडमार्गांकडे अधिक झुकला आहे.

सगळेच बेकायदेशीर, की सगळेच चालते?

स्थानिक वृत्तपत्रांत 'अवैध प्रवासी वाहतूक' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की जीप आणि शेअर रिक्षा या जात्याच बेकायदेशीर असल्याचे बाहेरच्या वाचकाला वाटते. याउलट त्या भर चौकात, पोलिसांच्या देखत भरल्या जातात हे पाहून त्यांत काहीच गैर नसावे असेही दुसऱ्याला वाटते. दोन्ही समजुतींत तथ्याचा केवळ एक तुकडा आहे, आणि तो कळण्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील काही संज्ञा समजून घ्याव्या लागतात. या कायद्यात चालक वगळून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेण्यासाठी बनवलेले वाहन 'मोटारकॅब' ठरते, तर सहापेक्षा अधिक परंतु बारापर्यंत प्रवासी नेणारे वाहन 'मॅक्सीकॅब' ठरते. याचा अर्थ, कायद्याच्या दृष्टीने तीनचाकी रिक्षा ही मोटारकॅबच आहे आणि काळीपिवळी जीप ही मॅक्सीकॅब आहे. परवान्याचे मुख्य प्रकारही दोन आहेत. 'टप्पा वाहतूक' म्हणजे ठरलेल्या मार्गावर, टप्प्याटप्प्याने प्रवासी घेत-सोडत, प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेणारी वाहतूक, जिचे ठळक उदाहरण एसटी होय. 'कंत्राटी वाहतूक' म्हणजे संपूर्ण वाहन एका कराराने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी आणि करारात नसलेला प्रवासी वाटेत न घेणारी वाहतूक. जीप व रिक्षा यांना मिळणारा परवाना सामान्यतः दुसऱ्या प्रकारचा असतो.

येथे एक बारकावा सहसा निसटतो. कंत्राटी वाहनाच्या व्याख्येतच मॅक्सीकॅबचा समावेश केलेला आहे, आणि मोटारकॅबमधील प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी ती कंत्राटी वाहनच राहते असेही तेथे म्हटलेले आहे. त्यामुळे तिघा अनोळखी माणसांनी एका रिक्षात बसून आपापले पैसे दिले म्हणून ती रिक्षा बेकायदेशीर होत नाही. गाडी कायद्याबाहेर जाते ती वेगळ्या कारणांनी: परवाना संपलेला असणे, तिघांच्या रिक्षात पाच-सहा माणसे कोंबणे, प्रत्येक फाट्यावर थांबून एसटीसारखे प्रवासी उचलणे. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहने उभी करण्यास मनाई असल्याचा नियमही एसटी आणि खासगी वाहने यांच्यातील ताणातून आला आहे, आणि एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला जीप फाटकासमोर न दिसता पुढच्या नाक्यावर का सापडते याचे उत्तर, निदान कागदोपत्री, त्या नियमात आहे.

या ताणाला इतिहासही आहे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १९३२ मध्ये, निजामाच्या रेल्वेचाच एक विभाग म्हणून २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली होती, म्हणजे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या मुंबई राज्याच्या पहिल्या एसटीच्याही सोळा वर्षे आधी. रस्त्यावरचा टप्प्याचा प्रवासी हा सरकारी बसचा, ही धारणा या भागात उर्वरित महाराष्ट्रापेक्षा जुनी आहे; खेडी मात्र बसच्या फेऱ्यांपेक्षा वेगाने वाढली, आणि उरलेली पोकळी जीपने भरून काढली.

प्रवाशाच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट विम्याची आहे. बसमालकाने क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी भरले असता विमा कंपनीची जबाबदारी विमापत्रात धरलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला आहे. दहा आसनांच्या गाडीत पंधरावा म्हणून लटकणाऱ्याने 'पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे' असे म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

मीटर, रिक्षा आणि गुरुद्वारा

नांदेडच्या रेल्वे स्थानकाबाहेर रिक्षाचालकाने मीटर पाडला नाही, म्हणजे त्याने फसवले, असा निष्कर्ष महानगरातून आलेला प्रवासी काढतो. भाडे ठरवण्याची कायदेशीर पद्धत निश्चितच आहे: अधिनियमाच्या कलम ६७ नुसार राज्य शासनाला भाड्याविषयी निर्देश देता येतात आणि प्रत्यक्ष दर त्या-त्या क्षेत्राचे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवते. तथापि मुंबईत जशी मीटरची सवय चालक आणि प्रवासी या दोघांच्याही अंगवळणी पडली आहे, तशी ती या दोन शहरांत पडलेली नाही, आणि रोजचा व्यवहार ठरलेल्या मार्गावरील सीटच्या दराने किंवा बोलून ठरवलेल्या स्पेशलने चालतो. नांदेडात वजिराबादहून तरोडा नाक्याकडे किंवा सिडकोकडे जाणारी शेअर रिक्षा स्थानिक माणूस हात दाखवून थांबवतो, उतरताना ठरलेले पैसे देतो आणि दराविषयी एक शब्दही बोलत नाही; तोच माणूस पाहुण्यांना आणायला स्थानकावर गेला, तर आधी भाडे ठरवल्याशिवाय पिशवी रिक्षात ठेवत नाही. पहिल्या व्यवहाराला दर असतो, दुसऱ्याला फक्त बोली असते.

रेल्वेतून उतरलेल्या यात्रेकरूचा ठरावीक तोटा येथेच होतो. गुरुद्वारा स्थानकापासून दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि त्या वाटेवर सीटने जाता येते. परंतु सामान, मुले आणि दोन दिवसांचा रेल्वेप्रवास पाठीशी असलेल्या कुटुंबाकडे पाहून चालक आपण होऊन स्पेशलचा आकडा सांगतो, आणि कुटुंब तो प्रत्येकी समजते किंवा, उलटपक्षी, प्रत्येकी सांगितलेला आकडा सर्वांचा समजून बसते व उतरताना भांडण होते. 'सगळ्यांचे मिळून किती?' हा तीन शब्दांचा प्रश्न ते भांडण टाळतो. भाषेची अडचण मात्र फारशी येत नाही, कारण शतकानुशतके दख्खनी बोलणाऱ्या आणि यात्रेकरूंमुळे पंजाबी कानावर असलेल्या या शहरात मराठी न येणाऱ्याचे काम हिंदीवर भागते.

चालकाने यायला नकार दिला, तर कायदा प्रवाशाच्या बाजूने आहे, हेही खरेच. कलम १७८ मध्ये कंत्राटी वाहनाच्या चालकाने विनाकारण भाडे नाकारणे हा दंडनीय गुन्हा मानला आहे. पण त्या दंडाची तीनचाकीसाठीची कमाल मर्यादा पन्नास रुपये आहे. २०१९ च्या दुरुस्तीने वाहतुकीचे बहुतेक दंड अनेक पटींनी वाढवले, हा पन्नासाचा आकडा मात्र तिच्या हातून सुटला. कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा दुसरी रिक्षा बघणे सोयीचे ठरते ते यामुळे.

लातुरात शहरांतर्गत प्रवासाची मुख्य खूण गंजगोलाई ही आहे. वर्तुळाकार बाजारपेठेच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि त्याभोवती सोळा रस्ते, अशी ही रचना असून शहरातील मोठ्या रस्त्यांना पुढच्या गावांची नावे आहेत: औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड, नांदेड रोड. परिणामी 'औसा रोडला जायचे आहे' आणि 'औशाला जायचे आहे' या दोन वाक्यांत वीस किलोमीटरचा फरक पडतो, आणि तो चालकापेक्षा प्रवाशाच्याच जिभेवर अधिक वेळा घसरतो. मोबाइलवरच्या नकाशात घरक्रमांक शोधण्यापेक्षा चौक, रुग्णालय किंवा महाविद्यालय सांगणे येथे उपयोगी पडते.

किरायाची गाडी आणि किलोमीटरचा हिशेब

माहूर, किल्लारी, तुळजापूर किंवा कंधार अशा ठिकाणी जाण्यासाठी पूर्ण मोटार ठरवणे, म्हणजे स्थानिक भाषेत 'किरायाने गाडी करणे', हा टॅक्सीचा तिसरा आणि सर्वांत खर्चिक प्रकार होय. येथील प्रचलित गैरसमज असा की दर गुणिले अंतर म्हणजे भाडे. वास्तविक या व्यवहारात चार गोष्टी मिसळलेल्या असतात: दर किलोमीटरचा भाव, दिवसाला किमान धरले जाणारे किलोमीटर, चालकाचा बाटा म्हणजे जेवण-मुक्कामाचा भत्ता, आणि टोल व पार्किंगचा वेगळा खर्च. गाडी जेथून निघाली तेथे परत जाईपर्यंतचे अंतर मोजले जाते, त्यामुळे एकेरी प्रवास असा प्रकार प्रवाशाच्या मनात असला तरी मालकाच्या वहीत नसतो.

समजा, नांदेडहून माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनासाठी गाडी ठरवली आणि दर किलोमीटरला १४ रुपये व किमान ३०० किलोमीटर असे बोलणे झाले. माहूर सुमारे १३० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन २६० आणि दत्तशिखर व अनसूया मातेचे मंदिर धरून वर पंधरा, असे गाडीचे काटे २७५ किलोमीटर दाखवतील, तरी बिल ३०० चेच, म्हणजे ४,२०० रुपये अधिक बाटा असे होईल. यात कोणी फसवले असे नसून पंचवीस किलोमीटर न वापरता शिल्लक राहिले, एवढेच. आता तीच अट लातूरहून किल्लारीसाठी मान्य केली तर काय होते ते पाहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे नाव सर्वदूर पोहोचलेले किल्लारी लातूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर असल्याने जाण्यायेण्याचे अंतर नव्वदच्या आतच राहते, आणि किमान ३०० ची अट स्वीकारणारा प्रवासी दोनशेहून अधिक किलोमीटरचे पैसे न फिरता देतो. अशा जवळच्या फेरीला 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' हा ठोक दर आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला जादा पैसे, ही पद्धत योग्य ठरते. ती बहुतेक गाडीवाल्यांकडे असते, पण विचारल्याशिवाय सांगितली जात नाही. निघताना आणि परतल्यावर मीटरवरच्या आकड्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवला, तर दोन्ही बाजूंचा वाद मिटतो. हिशेब गाडीच्या अड्ड्यापासून सुरू होणार की प्रवाशाच्या दारापासून, हे मात्र आधीच बोलून घ्यावे लागते.

ओळखीतून मिळणारी खासगी मोटार स्वस्त आणि म्हणून चांगली, हा समज घातक आहे. भाड्याने चालणाऱ्या मोटारीची पाटी पिवळी आणि तीवरील अक्षरे काळी असतात, चालकाविना भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात, आणि भाड्याने चालणाऱ्या विजेच्या गाडीच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची मोटार केवळ मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी असते. परवान्याविना भाडे मारल्यास कलम १९२-अ नुसार दहा हजारांचा दंड होऊ शकतो, पण तो मालकाचा प्रश्न झाला. प्रवाशाचा प्रश्न असा की अपघात झाल्यास खासगी वापराच्या विम्यावर भाडोत्री प्रवाशाची भरपाई मागताना विमा कंपनीला आक्षेप घेण्याची आयती संधी मिळते. पाटीवरील एमएच-२६ ही नोंदणी नांदेडची आणि एमएच-२४ ही लातूरची. दुसऱ्या जिल्ह्याचा क्रमांक दिसला म्हणून गाडी संशयास्पद ठरत नाही, पाटीचा रंग मात्र पाहावाच.

पिवळ्या पाटीच्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेला असतो. त्यामुळे महामार्ग कितीही मोकळा असला, तरी नांदेड-लातूर अंतरासाठी अडीच-तीन तास धरावे लागतात, आणि रेल्वे किंवा विमान गाठण्यासाठी 'जरा दाबा' असे म्हणून उपयोग होत नाही.

लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे

नाशिक रोड हे नाशिक शहराचेच उपनगर असल्याने 'रोड' जोडलेले स्थानक गावाला लागूनच असते, अशी अनेकांची समजूत झालेली आहे. मूळ रूढी निराळी आहे: रेल्वे ज्या गावापर्यंत जात नव्हती, त्या गावाकडे जाणारा रस्ता जेथून फुटतो त्या स्थानकाला 'रोड' लावले जाई. लातूर रोड हे विकाराबाद-परळी मार्गावरील जंक्शन चाकूर तालुक्यात, लातूर शहरापासून सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, आणि उदगीरकडून परळीकडे जाणाऱ्या अनेक गाड्या लातूर शहरात न शिरता तेथूनच पुढे जातात. लातूर शहरात बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्येच पोहोचली होती. आजचे रुंदमापी 'लातूर' हे वेगळे स्थानक आहे. तिकिटावर 'लातूर रोड' असताना महाविद्यालयाच्या दारात पाच मिनिटांत पोहोचू असे धरणाऱ्याला मध्यरात्री तेथे उतरल्यावर एसटी नसते, जीप भरत नाही आणि स्पेशल गाडीवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर घासाघीस करण्याची ताकदही उरत नाही. दिवसा उतरणाऱ्याला मात्र चाकूरमार्गे लातूरकडे जाणारी बस वा जीप मिळते.

सीमेपलीकडे

नांदेडला आलेले यात्रेकरू बहुधा कर्नाटकातील बीदरच्या नानक झिरा साहिबलाही जातात, तर नांदेडकर स्वतः मुलांच्या अक्षरारंभासाठी तेलंगणातील बासरच्या सरस्वती मंदिरात जातात. दोन्ही ठिकाणी राज्याची सीमा ओलांडावी लागते, आणि 'सीमेवर टॅक्सीला प्रत्येक वेळी कर भरावाच लागतो' व 'आता काहीच लागत नाही' हे परस्परविरोधी समज एकाच स्थानकाबाहेर ऐकू येतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्याने केलेल्या अखिल भारतीय पर्यटन वाहन नियमांनुसार ज्या मोटारीने ऑनलाइन शुल्क भरून तो परवाना घेतला आहे, तिला दुसऱ्या राज्यात प्रवेश करताना वेगळा कर द्यावा लागत नाही. ज्या मोटारीकडे केवळ महाराष्ट्रापुरता परवाना आहे, तिला मात्र तात्पुरता परवाना घेऊन त्या राज्याचा कर भरावा लागतो, आणि तो भार कोणी उचलायचा हे आधी ठरलेले नसेल तर सीमेजवळच्या देगलूरच्या पुढे गेल्यावर तो प्रवाशावर येऊन पडतो. रिक्षाचा परवाना तर ठरावीक क्षेत्रापुरताच असल्याने तिने सीमा ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही.